गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी गाडी आणि घसरलेले अ‍ॅव्हरेज

जुनाचोक (प्रश्न):
माझ्याकडे १९६०च्या दशकातली, चार सिलिंडरची, एका कार्ब्युरेटरवर आणि सीबी पॉइंटवर (स्पार्कसाठी कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) चालणारी पेट्रोल गाडी आहे. पूर्वी ती लिटरला साधारण १२ किलोमीटर अ‍ॅव्हरेज देत असे. आता टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब धरूनही आकडा ८च्या वर जात नाही. दुसरी तक्रार अशी, की लांबच्या रस्त्यावर इंजिन पुरते तापले की गाडी चालता चालता बंद पडते आणि अर्धा तास थांबल्यावर काहीच झाले नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, नवीन किट टाकले, एअर फिल्टर बदलला, तरी फरक नाही. चारही प्लगवर काळी, कोरडी काजळी धरलेली आहे. मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) एक नंबर लहान टाकून पाहावा का?

फिलरगेज:
जेटला इतक्यात हात लावू नका. प्लग काळे म्हणजे पेट्रोल जास्त, हा निष्कर्ष निम्माच खरा आहे. स्पार्क कमजोर असेल तर योग्य प्रमाणातले मिश्रणही अर्धवट जळते आणि प्लग तसेच काळे होतात. वर्षानुवर्षे १२ देणारा जेट एकाएकी मोठा होत नसतो. उलट तो लहान केलात आणि दोष इग्निशनमध्ये निघाला, तर पातळ मिश्रणावर इंजिन आणखी तापेल आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची भीती राहील.

आधी एक सांगा: गाडी चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडते, की आधी ओढ कमी होते, आचके बसतात आणि मग थांबते? पहिला प्रकार बहुधा स्पार्कचा असतो, दुसरा पेट्रोलचा. खात्री करायची ती गाडी बंद पडलेल्या त्या जागीच. इंजिन निवले की पुरावा गेला. जास्तीचा एक प्लग सोबत ठेवा, तो एका प्लग वायरला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवा आणि सोबतच्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळसर आणि जाड हवी. पिवळी, बारीक किंवा तुटक आली तर इग्निशनकडे वळा. पेट्रोल येते का हे नंतर, वेगळे तपासा. तापलेल्या इंजिनजवळ उघडे पेट्रोल आणि उघडी ठिणगी एकाच वेळी नको.

टाकीफुल:
वरच्या मताशी मी सहमत आहे, पण टाकीचे झाकण विसरू नका. त्यातले हवेचे बारीक छिद्र बुजले की पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढवत नाही आणि गाडी थांबते. थोड्या वेळाने हवा आत झिरपली की ती आपोआप सुरूही होते. बंद पडल्यावर लगेच झाकण उघडा. हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला तर निम्मे काम झाले.

पेट्रोलची वाफ होऊन पाइप अडतो, हे कारण लोक सर्रास सांगतात. पण तो त्रास जास्त करून गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना किंवा वाहतुकीत रखडताना होतो, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना कमी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मात्र दोन गोष्टी घडतात. शेकडा १० इथेनॉल असेल तर ऊर्जा सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे १२चे ८ एवढ्याने होणार नाहीत; आणि जुन्या रबराच्या नळ्या आतून मऊ होऊन त्यांचे कण फिल्टरमध्ये व फ्लोटच्या निडलखाली (कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई) जाऊन बसतात. निडल नीट बंद झाली नाही की कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

जुनाचोक:
दोघांचेही आभार. गाडी एकदम बंद पडते, आचके नसतात. झाकण उघडले तेव्हा काहीच आवाज आला नाही. ठिणगी मात्र पिवळी आणि मरतुकडी होती, आणि कॉइलला (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) हात लावला तर तो क्षणभरही ठेववेना. ही कॉइल गाडी घेतली तेव्हापासूनची आहे. मीटर लावल्यावर तिच्या प्रायमरीचा (बॅटरीकडच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स सुमारे १.५ ओहम भरतो. पॉइंटची तोंडे करपलेली आहेत आणि गॅपमध्ये ०.२ मिलिमीटरची पातीसुद्धा जेमतेम जाते.

फिलरगेज:
मग दोन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी हाती आले. १.५ ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट कमी ठेवणारा वेगळा रेझिस्टर) वापरायची असते. तो नसताना ती सरळ १२ व्होल्टवर जोडली, तर पॉइंट बंद असताना तिच्यातून ८ अँपिअरच्या आसपास करंट जातो. ३ ओहमच्या साध्या कॉइलमधून तो निम्माच गेला असता. कॉइल भाजते, पॉइंट करपतात, आणि तापलेल्या कॉइलचे आतले इन्सुलेशन दगा देऊ लागले की स्पार्क मरतो. तुमच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट किंवा रेझिस्टन्स वायर खरोखर नाही ना, एवढे पाहून घ्या आणि नसेल तर ३ ओहमची कॉइल बसवा. पॉइंटसोबत कंडेन्सरही (पॉइंटवर उडणारी ठिणगी दाबणारा भाग) बदला, कारण तोही गरम झाल्यावरच नखरे करतो.

गॅपचे महत्त्व याहून मोठे आहे. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे सरकते. इंजिनाची ताकद घटते, आपण नकळत अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो, इंजिन तापते आणि पेट्रोल उडते. बऱ्याच गाड्यांना ०.४ मिलिमीटरच्या आसपास गॅप लागतो, तरी तुमच्या पुस्तिकेतलाच आकडा धरा. कॅमला किंचित ग्रीस लावा, पण इतके नको की ते पॉइंटवर उडेल. टायमिंग नेहमी गॅपनंतर लावायचे, आधी नाही.

जुनाचोक:
बॅलास्ट नव्हताच. कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, टायमिंग लावले. भर दुपारी लांब पल्ला मारला तरी गाडी बंद पडली नाही. अ‍ॅव्हरेज १०पर्यंत आले आहे, पण १२ अजून दूर आहे.

पानानंबर१३:
आता डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर स्पार्क लवकर पाडणारी जोडणी) नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढून पाहा. ओढ टिकली पाहिजे आणि आतली प्लेट हललेली दिसली पाहिजे. नुसती हवाच येत राहिली तर त्यातला पडदा फाटला आहे. कमी अ‍ॅक्सिलरेटरवर शांतपणे चालवताना लागणारा अ‍ॅडव्हान्स तो पडदाच देतो, त्यामुळे तो फाटला तरी गाडी छान पळते, फक्त पेट्रोल जास्त पिते. टायमिंग लाइट लावून तपासणार असाल तर इंजिनाला थोडी रेस द्या. काही कार्ब्युरेटरांवर आयडलिंगला त्या नळीत व्हॅक्यूम येतच नाही.

पडदा शाबूत निघाला तर इंजिन सोडून चाकांकडे या. थोडे अंतर चालवून, शक्य तितका कमी ब्रेक वापरून थांबा आणि चारही ब्रेक ड्रमजवळ हात धरा; एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर जॅक लावून ते चाक मोकळे फिरते का पाहा. टेम्परेचरचा काटा मध्यापर्यंत चढतच नसेल तर थर्मोस्टॅट (थंड इंजिनात पाणी अडवून ते लवकर तापवणारी झडप) उघडा अडकला असावा; थंड राहिलेले इंजिन पेट्रोल जास्त पिते. आणि टायर मूळ मापाचे आहेत का? मोठे बसवले असतील तर मीटर कमी किलोमीटर मोजतो आणि अ‍ॅव्हरेज नुसते कागदावर घटलेले दिसते. एवढे सगळे बरोबर निघाले, तरच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून शेवटी कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात घाला.