शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं तोंड आमच्या परसात, काय करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचं घर लातूरच्या जुन्या वस्तीत. पाण्याची मोटार चोरीला गेली तसा शेजारच्या काकांनी गच्चीच्या कठड्यावर सीसीटीव्ही बसवला. बसवू द्या, पण त्याचं तोंड सरळ आमच्या परसात आहे. तिथंच आमची न्हाणी, भांडी घासायचा ओटा, अन् उन्हाळ्यात बाजा टाकून झोपायची जागा. आई तर आता केस वाळवायलासुद्धा मागं जाईना. रात्री त्याचे बारके लाल दिवे चमकतात, म्हणजे अंधारातलंही दिसत असणार.

काकांशी बोललो, तर म्हणाले, "तुमच्या घराची पण फुकटात राखण होतीय की!" माणूस वाईट नाही, नळाला पाणी आलं की पहिली हाक तेच मारतात. म्हणून लगेच पोलीस ठाणं गाठायचं जिवावर येतंय.

बऱ्याच कॅमेऱ्यांत ठरावीक भाग काळा करायची सोय असते (प्रायव्हसी मास्क). ती खरंच चालू आहे हे आपल्याला कसं तपासता येईल? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलंय, भारतीय न्याय संहितेत कलम 77 पण आहे (बाईला खाजगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा). पण ते न्हाणीपुरतं की सगळ्या परसाला? आधी वकिलाची नोटीस द्यावी का साधा अर्ज? हिरवी जाळी लावा म्हणू नका, वाऱ्यानं दोनदा फाटली. कुणी असं प्रकरण गोडीत मिटवलंय का?