कुंडी सरकवून बघा

तळमजल्याच्या फ्लॅटबरोबर छोटी बाग मिळतेय, घेण्याआधी काय तपासू म्हणताय, तर वर सगळ्यांनी गळती, वायरिंग, कागदपत्रं सांगितलीच आहेत. माझी भर एवढीच: बागेतली सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं मोजा आणि एकेक उघडायला लावा. आम्ही बोरिवलीत घर घेतलं तेव्हा नुसतं वरून बघितलं. एकावर भलीमोठी तुळशीची कुंडी होती, बघून प्रसन्न वाटलं! जुलैत ती सरकवली तर खाली झाकण नव्हतंच. फरशीचा तुकडा, मधोमध तडा गेलेला. नातू रोज तिथेच खेळायचा.

झाकणावर पाय देऊन बघा, डुगडुगलं तर चौकट खचलीय. बिडाची झाकणं भंगारासाठी चोरीला जातात, त्यापेक्षा फायबरचं बरं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वारले. तो रस्ता होता हे खरं, पण गुडघाभर पाणी साचलं की बागेतही झाकण दिसत नाहीच.

आणि हो, सोसायटीची सांडपाण्याची सामाईक लाइन तुमच्या बागेतून जाते का, हे सेक्रेटरींना विचाराच. जात असेल तर वरच्या मजल्यांचं तुंबलं की सफाईवाले तुमच्या मोगऱ्यात उभे.