ई-पुस्तकाची किंमत छापील किमतीच्या निम्मी का नसावी?

चर्नीरोड (धागाकर्ता)

छापील पुस्तक ३५० रुपये आणि त्याचीच ई-आवृत्ती २८० रुपये, अशा जोड्या मराठी पुस्तकांच्या याद्यांत सर्रास दिसतात. तेच छापील पुस्तक प्रदर्शनात २० टक्के सवलतीने २८०लाच मिळतं. शिवाय ते मैत्रिणीला वाचायला देता येतं, ग्रंथालयाला भेट देता येतं, फोर्टात फुटपाथवर जुनं म्हणून विकता येतं. ई-पुस्तकात वाचकाच्या हाती येतो फक्त वाचण्याचा परवाना. दोन्हींना एकच किंमत लावणं मला अन्यायाचं वाटतं. ई-आवृत्ती निम्म्या किमतीत द्यावी, त्यात प्रकाशकाचं नुकसान नाही, असं माझं म्हणणं आहे.

हिशेब असा. डेमी आकार, २४० पानं, ५०० प्रती, किंमत ३५०. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के धरले तर १४० गेले, राहिले २१०. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे ३५. कागद, छपाई, बांधणी प्रतीमागे ८५ धरू. प्रकाशकाकडे उरले ९०. त्यातून गोदामाचं भाडं, पार्सल, आणि दुकानांतून परत येणाऱ्या कोपरे दुमडलेल्या प्रती.

आता ई-आवृत्ती १७५ला लावू. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, प्रकाशकाला ७० टक्के देणारा पर्याय घेतला तर भारतातल्या विक्रीवर दर एमबीमागे ७ रुपये वितरणखर्च आधी वजा होतो. नुसत्या मजकुराची फाइल १ एमबी धरा. १७५ वजा ७, त्याचे ७० टक्के म्हणजे ११७ रुपये ६० पैसे. त्यातले २५ टक्के लेखकाला दिले (२९.४०), तरी प्रकाशकाकडे ८८.२० राहतात. छापील प्रतीवर ९०, इथे ८८. आणि इथे ना गोदाम, ना परत येणारा माल.

मग २८० कुठून आलं? ७० टक्क्यांच्या पर्यायाची एक अट आहे: ई-आवृत्ती छापील किमतीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त हवी. ३५०च्या ८० टक्के म्हणजे बरोबर २८०. ही वरची मर्यादा आहे. तिलाच किंमत समजून लोक मोकळे होतात.

---

खिळेजुळारी

चर्नीरोड, तुमचा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे आणि ते गृहीतक बहुतेक मराठी प्रकाशकांना लागू होत नाही. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे किंडलच्या 'फक्त आमच्याकडेच विका' या योजनेत, घालावं लागतं. तिथे ९० दिवसांचं बंधन असतं: तेवढ्या काळात ती ई-आवृत्ती दुसऱ्या कुठल्याही दुकानात ठेवता येत नाही. बुकगंगा (मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान) नाही, गूगल प्ले नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. मुदत आपोआप वाढते, आणि तशी ती वाढवण्याची खूण काढायची राहिली की पुढचे ९० दिवसही अडकतात. मराठी वाचक किंडलवर आहे तसा बुकगंगाच्या अ‍ॅपवरही आहे. त्याला बाहेर ठेवायचं नसेल तर किंडलवर ३५ टक्के घ्यावे लागतात.

त्या दराने १७५चे ६१.२५ येतात. लेखकाचे २५ टक्के दिल्यावर उरतात ४५.९४. तुमच्या ८८च्या जवळजवळ निम्मे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, लेखकाबरोबरच्या तीन-तीन फेऱ्या, हा खर्च पुस्तकाचा असतो, कागदाचा नसतो. तो सगळा छापील ५०० प्रतींच्या डोक्यावर टाकायचा आणि ई-आवृत्ती जणू फुकट जन्माला आली असं मानायचं, हे बरोबर नाही. उद्या शंभर वाचक छापील सोडून ई-आवृत्तीकडे वळले, तर तोच खर्च ४०० प्रतींवर येईल आणि छापील किंमत वाढवावी लागेल. मुंबईत ५०० प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, तिथे ही ओढाताण परवडत नाही.

माझ्या मते छापील किमतीच्या ७० टक्के, म्हणजे इथे २४५, हा रास्त आकडा आहे. ३५ टक्क्यांच्या दरातही त्यातून प्रकाशकाकडे ६४ रुपये राहतात.

---

युनिकोडवाली

चर्नीरोड यांनी फाइल १ एमबीची धरली आहे. कादंबरीला ते ठीक. किल्ल्यांवरचं, पाककृतींचं, मुलांचं चित्रमय पुस्तक असेल तर गणित पालटतं.

१८ एमबीचं पुस्तक, किंमत २००. वितरणखर्च १८ गुणिले ७, म्हणजे १२६. उरलेल्या ७४चे ७० टक्के ५१.८०. तेच पुस्तक ३५ टक्क्यांच्या पर्यायात ठेवलं तर वितरणखर्च लागत नाही आणि सरळ ७० रुपये मिळतात. ७० टक्के हा आकडा मोठा दिसतो, पण इथे हाती कमी येतं आणि वर सिलेक्टचं बंधनही.

लक्षात ठेवायला सोपी कसोटी: रुपयांतली किंमत भागिले १४. उत्तर येईल तितके एमबी ही सीमा. २००च्या पुस्तकाला सुमारे १४.३ एमबी, १५०ला १०.७, ९९ला ७. फाइल त्याहून जड असेल तर ३५ टक्केच फायद्याचे. आकार बघायचा तो आपल्या संगणकावरचा नाही. फाइल चढवल्यावर किमतीच्या पानावर रूपांतरित आकार दिसतो, तो धरायचा. चित्रं छपाईच्या फाइलमधून जशीच्या तशी उचलली की फाइल फुगते. लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणून जेपेग ७५-८० दर्जावर साठवली तर फोनवर फरक जाणवत नाही, आणि फाइल कसोटीच्या आत येऊ शकते.

खिळेजुळारी, जुन्या फाइलचं ई-पुस्तक करण्याचा, म्हणजे रूपांतराचा खर्च तुमच्या हिशेबात आलाच नाही, आणि खरी गळती तिथेच आहे. जुनी पुस्तकं युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉण्टमध्ये जुळवलेली असतात. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. रूपांतरकाने क्रम नीट फिरवला नाही तर 'धर्म'चा 'धमर्' होतो, 'कि'चा 'िक' होतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र जाऊन 'दुसर्या' उरतो. पानाच्या मापाने तोडलेले शब्द जोडचिन्हासकट ओळीच्या मधोमध येतात. कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटतात. तळटीपांचे दुवे तुटतात. म्हणून रूपांतरानंतर पूर्ण पुस्तकाचं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं, नमुन्याची दहा पानं बघून चालत नाही.

२४० पानांना पानामागे २० रुपये रूपांतर आणि १५ रुपये शोधन धरा. ८,४०० रुपये. प्रतीमागे ८८ उरत असतील तर ९६ प्रतींत हा पैसा वसूल होतो, ४६ उरत असतील तर १८३ प्रती लागतात. किंमत ठरवण्याआधी प्रकाशकाने स्वतःला विचारावं: या पुस्तकाच्या १८३ ई-प्रती दोन वर्षांत जातील का?

---

चर्नीरोड

युनिकोडवाली, कसोटी फार उपयोगाची. पण ८,४०० रुपयांचा भार नव्या पुस्तकावर टाकू नका. आज जे पुस्तक युनिकोडमध्ये जुळवलं जातं, त्यात शीर्षकं, उतारे, कविता यांना पहिल्यापासून ठरलेल्या शैली लावल्या तर इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमधूनच ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, निघतो. राहतं ते अनुक्रमणिका तपासणं आणि दोन-तीन फोनांवर उघडून बघणं. जुन्या जुळणीची किंमत वाचकाने नव्या पुस्तकात का मोजावी?

खिळेजुळारी, तुमचा खर्चवाटपाचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून उलट निष्कर्ष निघतो. जो वाचक २४५ला ई-पुस्तक घेत नाही, तो ३५०चं छापील घेईलच असं तुम्ही धरताय. विरार-चर्चगेट करणारा, दीड खोलीत राहणारा वाचक बहुधा काहीच घेत नाही किंवा टेलिग्रामवरची चोरीची पीडीएफ उघडतो. तिथे संपादनाच्या खर्चाला एक रुपयाही मिळत नाही.

---

मसुदा

लेखकाचा वाटा तुम्ही दोघांनी २५ टक्के धरून सोडून दिलात. मी तिथे थांबणार आहे, कारण किंमत उतरवण्याचा निर्णय प्रकाशक घेतो आणि त्याची झळ लेखकाला बसते.

छापील प्रतीवर लेखकाला ३५ मिळतात. १७५च्या ई-आवृत्तीवर हाती येणाऱ्या ११७.६०चे २५ टक्के म्हणजे २९.४०. इथेच साडेपाच रुपये गेले. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तर फक्त १५.३१. निम्म्या किमतीची मागणी करायची तर लेखकाचा वाटा किमान ३० टक्के हवा. मग ११७.६०चे ३५.२८ होतात आणि लेखक जिथल्या तिथे राहतो. करारात टक्केवारीबरोबर रुपयांतला तळही लिहून घ्यावा: सवलत कितीही दिली तरी प्रतीमागे अमुक रुपये. टक्केवारी कशाची, तेही स्पष्ट हवं. 'विक्री किमतीच्या' आणि 'प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेच्या' यांत तिप्पट फरक पडू शकतो.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम १८ला जोड मिळाली: करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा हक्क, कराराने त्याचा स्पष्ट उल्लेख केला नसेल तर, हस्तांतरित होत नाही. जुन्या टंकलिखित करारात 'सर्व हक्क' एवढंच असेल तर त्याच्या भरवशावर ई-आवृत्ती काढू नये. लेखकाकडून किंवा वारसांकडून नवं पत्र घ्यावं. त्यात मुदत लिहावी, कारण मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं. प्रदेशही लिहावा, नाहीतर तो फक्त भारत धरला जातो आणि न्यू जर्सीतल्या वाचकाला विकण्याचा हक्क लटकतो.

आणि कर. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर जुलै २०१८पासून ५ टक्के. छापील आवृत्तीच नसेल तर १८ टक्के. १७५वर हा फरक ८.७५ आणि ३१.५० असा पडतो. फक्त ई-स्वरूपात पुस्तक काढणाऱ्या नव्या लेखकांनी म्हणूनच मागणीनुसार छपाईने का होईना, छापील आवृत्ती रीतसर काढावी. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आपल्याकडे विनामूल्य मिळतो, छापील आणि ई-आवृत्तीला वेगवेगळा घ्यायचा. दुकानात लावलेल्या किमतीत कर धरलेला आहे की वर लागतो, हे प्रत्येक दुकानाच्या अटींत आधी बघा.

---

वाचनवेडी_डोंबिवली

वाचकाच्या नावाने चर्नीरोड बोलताहेत, पण मला वाचक म्हणून निम्मी किंमत नको आहे. मला न तुटलेले शब्द हवे आहेत. युनिकोडवाली म्हणतात तसला 'धमर्' ९९ रुपयांतही नको. स्कॅन केलेल्या पानांचं ई-पुस्तक तर फोनवर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावं लागतं. २४५ घ्या, पण त्या पैशात शोधन करा, शब्द शोधता येऊ द्या, अक्षर मोठं करता येऊ द्या. गाडीत उभं राहून एका हाताने वाचणाऱ्याला याची किंमत कळते.

---

खिळेजुळारी

मसुदा यांचा रुपयांतला तळ मला मान्य, प्रकाशकाच्या बाजूने बोलत असूनही. ३० टक्केही मान्य, पण मग १७५ टिकत नाही. तुमच्याच आकड्यांनी, ३५ टक्क्यांच्या पर्यायात लेखकाचे ३० टक्के दिल्यावर प्रकाशकाकडे ४२.८८ उरतात, आणि तिथे रुपयांतला तळ ३५चा ठेवला तर २६.२५.

किमतीवरचा ताबा हाही मुद्दा आहे. २०१० साली अमेरिकेत अ‍ॅपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांनी किंमत प्रकाशकाने ठरवायची अशी पद्धत आणली. २०१३ साली न्यायालयाने अ‍ॅपलला दोषी धरलं ते त्यांनी संगनमत केलं म्हणून. प्रकाशकाने आपली किंमत आपण ठरवणं तिथेही बेकायदा ठरलं नाही. आपणही एकदा ९९ची सवय लावली की दुकान आणि वाचक दोघेही तीच किंमत खरी मानू लागतात. म्हणून मी टप्पे सुचवतो: पहिले सहा महिने २४५, छापील आवृत्तीचा पहिला भर ओसरला की १९९, आणि छापील प्रती संपल्या, पुनर्मुद्रण नाही असं ठरलं, की १७५.

---

चर्नीरोड

टप्प्यांना माझा विरोध आहे. नव्या पुस्तकाचं परीक्षण येतं, चर्चा होते, ती पहिल्या सहा महिन्यांत. तेव्हाच किंमत चढी ठेवली तर उत्सुक वाचक निसटतो आणि बाकीचे थांबायला शिकतात. हवं तर उलट करा: पहिले ९० दिवस केडीपी सिलेक्ट, ७० टक्के, १७५ रुपये. मग आपोआप वाढणारी मुदत बंद करून बुकगंगा आणि गूगल प्लेवर न्या. तुमचा ४६चा आकडा पहिल्या तीन महिन्यांपुरता तरी ८८ होतो.

परदेशातली किंमत मात्र रुपयांवरून आपोआप रूपांतरित होऊ देऊ नका. अमेरिकेच्या दुकानात ७० टक्क्यांसाठी किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या आत लागते. १ एमबीच्या पुस्तकाला २.९९वर १५ सेंट वजा जाऊन उरलेल्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे १.९९ डॉलर हाती येतात. तिथे १.९९ला लावून ३५ टक्के घेतले तर ७० सेंट. तिथल्या वाचकाला एका डॉलरने फरक पडत नाही, इथल्या लेखकाला पडतो.

---

खिळेजुळारी

परदेशी किमतीबद्दल सहमत. सिलेक्टबद्दल नाही. पहिले तीन महिने बुकगंगाच्या वाचकाला पुस्तक नाही म्हणायचं, आणि तुम्हीच म्हणता चर्चा तेव्हाच होते. छापील पुस्तक दादरच्या दुकानात ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी ई-आवृत्ती सगळीकडे हवी, २४५ला. १७५चा आग्रह असेल तर आधी एक पुस्तक दोन्ही दुकानांत त्या किमतीला ठेवून १८३ प्रती गेल्याचा हिशेब इथे मांडा.