मदत हवी आहे: वस्तरा मानेवर उलटा घेतला की ओढतो, हनुवटीवर कापतो

घोटीव
वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यांनीच उत्तर द्या प्लीज. गालावर मस्त चालतो, पण मानेवर खालून वर घेतला की केस ओढले जातात आणि हनुवटीवर तर दर वेळी रक्त. व्हिडिओत लोक सरसर हात फिरवतात, मीही तसाच फिरवतो तरी हे असं. स्ट्रोक नक्की मारायचा कसा? उद्या सकाळी परत करायचीय, लवकर सांगा.

आडवातिडवा
कुठला वस्तरा? अर्धं ब्लेड घालायचा की धार लावायचा? आधी सुलटा हात (केसांच्या दिशेने) घेता की थेट उलटा (केसांच्या विरुद्ध)? काहीच लिहिलं नाहीये.

निवांत_गडी
सेफ्टी रेझर घ्या, विषय संपला. पाच मिनिटांत दाढी, रक्त नाही काही नाही.

घोटीव
@निवांत_गडी ते विचारलंच नाहीये. धार लावायचा आहे, चामड्याचा पट्टा पण आहे, रोज फिरवतो. सुलटा घेऊन मगच उलटा. धार उत्तम आहे, परवाच अंगठा कापला.

पातेबहाद्दर
अंगठा काय कशानेही कापतो. सुटा केस एका टोकाला धरून पात्यावर टेकवा, न ओढता तुटला पाहिजे. नाही तुटला तर 8000 ग्रिटच्या (अगदी बारीक कणांच्या) दगडावर न्या. आणि पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरून वळवायचा, धारेवरून वळवला की धार मुडपते. पैज लावतो धारच गेलीय.

आडवातिडवा
अहो धार गेली असती तर गालावर पण ओढला असता ना.

पातेबहाद्दर
गालावरचे केस मऊ असतात, अर्धवट धार तिथे खपून जाते. हनुवटीचे राठ असतात, तिथे पितळ उघडं पडतं.

सुमेधा_क
दाढी केल्याने केस जाड येतात हा गैरसमज आहे बरं का. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला राठ लागतं, बाकी काही नाही.

घोटीव
ओके पण ते कोणी विचारलं होतं?? स्ट्रोकचं सांगा ना कुणीतरी.

आडवातिडवा
सांगतो. सगळ्यांच्या मानेवरचे केस सरळ खाली नसतात, बऱ्याच जणांचे आडवे असतात, काहींचे तर कंठाजवळ वरच्या दिशेने असतात, तेव्हा एक-दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटाने चारी बाजूंनी चाचपून बघा, जिकडून खरखरतं ती उलटी बाजू. सुलट्या हातानंतर आधी आडवा हात घ्या, थेट उलटा नको. दुसरं म्हणजे खालून वर जाताना मूठ छातीला अडते, मनगट वळतं आणि कोन उघडतो, मग पातं कापायच्या ऐवजी खरवडतं. कोन साधारण 30 अंश, म्हणजे वस्तऱ्याची पाठ त्वचेपासून तिच्या स्वतःच्या जाडीच्या दुप्पट उंच, त्याहून फार नाही. मोकळ्या हाताने त्वचा स्ट्रोकच्या उलट दिशेला ताणायची, वर जाताय तर खाली. बोट फेसावरून सटकतं, तिथला फेस आधी पुसा. स्ट्रोक इंचभराचा, दाब शून्य. हनुवटीवर त्याहून लहान, आणि पातं सुरीसारखं धारेच्या लांबीच्या दिशेने कधीच सरकवायचं नाही, खोल चिरा त्यानेच पडतात.

पातेबहाद्दर
मानेवर उलटा हात घ्यायचाच कशाला? केस आत वळून पुळ्या येतात. सुलटे दोन हात पुरे.

आडवातिडवा
तुमच्या त्वचेला येतात म्हणून सगळ्यांनाच येतील का? मी कायम घेतो, एक पुळी नाही.

निवांत_गडी
यापेक्षा सेफ्टी रेझर

साबणवाला
फेस कुठला वापरता? डब्यातल्या फोमने वस्तरा चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रशने साबण घोळवा, थोडं जास्त पाणी घाला. आणि आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवा, निम्मं ओढणं तिथेच थांबतं.

आडवातिडवा
@घोटीव एक राहिलं, दोन्ही बाजूंना सारखंच कापतं का?

घोटीव
नाही, डावीकडे जास्त. तिकडे उजवा हात तोंडावरून नेला की आरशात काही दिसतच नाही. सगळे असंच करतात ना?

आडवातिडवा
मग हे आधी सांगायचं ना!! डावी बाजू डाव्या हाताने करा. सुरुवातीला फक्त गाल, सुलटा हात. हात बसेपर्यंत डावीकडची मान आणि हनुवटी साध्या रेझरने उरका.

निवांत_गडी
हेच तर मी म्हणत होतो

घोटीव
डाव्या हाताने वस्तरा धरायचा कसा पण? करंगळी शेपटीवर (पात्यामागच्या वळलेल्या टोकावर) टेकवायची की नाही?