१,८०० किलोची गाडी ट्रॅकवर: ब्रेक पॅड कोणते घ्यावेत?

घाटवळण

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय, पुण्यातली. चालक आणि पाऊण टाकी पेट्रोल धरून वजन १,८०० किलोच्या आसपास. पुढच्या महिन्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एक दिवस आहे, २०-२० मिनिटांची चार सेशन. गाडी इथून चालवतच न्यायची, म्हणजे जाऊन-येऊन तेवीस-चोवीसशे किलोमीटर. ब्रेक सगळे मूळचेच: पुढे चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मागे एका पिस्टनचे फ्लोटिंग, हँडब्रेक इलेक्ट्रिक. टायर रस्त्याचेच, मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस.

प्रश्न दोन. फेरोडो कंपनीचा डीएस२५०० पॅड चारही चाकांना लावून रस्ता आणि ट्रॅक दोन्ही निभावेल का? आणि खर्च वाचवायला फक्त पुढचेच पॅड बदलले तर चालेल का? मोठे कॅलिपर-डिस्क बसवायचा विचार नाही.

उष्मांक

पॅडचं नाव ठरवण्याआधी वजनाचा हिशेब करू, कारण सगळं तिथूनच निघतं. समजा सरळ रस्त्याच्या शेवटी तुम्ही ताशी १९० किलोमीटरवरून ८० वर येता. १,८०० किलोच्या गाडीत त्या एका ब्रेकिंगला साधारण २०.६ लाख ज्यूल उष्णता तयार होते. चालकासह १,००० किलोची हॅचबॅक १६० वरून ८० वर आली तर साडेसात लाखांच्या आतच. म्हणजे पावणेतीन पट. यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर धरला तर पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला सव्वासात लाख ज्यूल येतात. डिस्क ११ किलोची धरली तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान १३० अंशांनी चढतं. हे कागदावरचं गणित आहे, वारा थोडं घेऊन जातो. पण पुढच्या वळणापर्यंत सगळं निवत नाही, आणि चौथ्या-पाचव्या लॅपला डिस्क ५००-६०० अंशांत फिरायला लागते. चेन्नईच्या हवेत तर विचारायलाच नको.

डीएस२५०० हा चांगला पॅड आहे. घर्षणांक ०.४२ च्या आसपास, थंड असतानाही धरतो, आवाज बेताचा. पण त्याची मजल ५०० अंशांच्या आसपास संपते. हलक्या गाडीला तो दिवसभर पुरतो. तुमच्या गाडीत तो सेशनचा पहिला अर्धा भाग छान चालेल, नंतर पाय जास्त दाबावा लागेल, आणि पॅड खडूसारखा झिजेल. तुमच्या वजनाला फेरोडोचाच डीएस१.११ किंवा पाजिड कंपनीचा आरएसएल२९ या वर्गातला, म्हणजे लांब शर्यतींसाठी बनवलेला पॅड लागतो. हे दोन्ही पहिल्या चाव्याला (पेडल दाबताच धरण्यात) फार आक्रमक नाहीत, आणि रस्त्याच्या टायरवर तेच बरं. जास्त चावा असलेला पॅड घेतला तर टायर आधी हार मानतो, एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) सतत मध्ये येतं, आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते.

पैसे कमी असतील तर पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करा, पॅडवर नंतर. डीओटी ४ या ब्रेक ऑइलच्या मानकात नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० आणि पाणी शोषलेल्याचा किमान १५५ अंश इतकाच मागितलेला आहे. दोन वर्षं जुनं ऑइल त्या दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं असतं. मोट्यूल आरबीएफ ६०० नवं असताना ३१२ अंशांपर्यंत उकळत नाही. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, पूर्ण बदलायला एक लिटर धरून चला.

लालडिस्क

वरच्यांशी सहमत, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो: "रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला एकच पॅड" ही कल्पना हजार किलोच्या गाडीसाठी ठीक आहे. पावणेदोन टनांना नाही. जो पॅड ६०० अंशांना टिकतो तो सकाळी सोसायटीच्या गेटवर किंचाळतो आणि पहिले दोन-तीन ब्रेक आळशी असतात. दोन सेट ठेवा, ट्रॅकवर बदला.

आता फक्त पुढचे बदलण्याबद्दल. पुढचा पॅड जास्त घर्षणाचा आणि मागचा मूळचा ठेवला की ब्रेकचा तोल पुढे सरकतो. पुढचे टायर आधी एबीएसमध्ये जातात, मागची चाकं अर्धवट कामावर, आणि सगळी उष्णता पुन्हा त्याच पुढच्या डिस्कमध्ये, जी आधीच त्रासात आहे. शिवाय तुमच्या गाडीत मागचे ब्रेक नुसते थांबण्यासाठी वापरले जात नाहीत. स्टॅबिलिटी सिस्टिम वळणात गाडी सरळ ठेवायला एकेक चाक स्वतःच दाबते. तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही पॅड तापत असतो. म्हणून मूळचे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी जळालेले दिसतात, आणि लोक बुचकळ्यात पडतात. सिस्टिम पूर्ण बंद करू नका, डीटीसी (त्याच सिस्टिमचा सैल) मोडमध्ये चालवा. हस्तक्षेप बराच कमी होतो. पॅड चारही बदला. पुढे डीएस१.११ घेतलात तर मागे डीएस२५०० चालून जाईल, दोन्ही एकाच कंपाउंडचे (पॅडच्या मिश्रणाचे) असले तर उत्तम.

घाटवळण

धन्यवाद दोघांनाही. पटलं, दोन सेट घेतो. मग ट्रॅकवर बदलण्याचा क्रम सांगाल का? विशेषतः इलेक्ट्रिक हँडब्रेक आणि पॅडचा सेन्सर. आणि डीएस२५०० पुरेल की डीएस१.११ लागेलच, हे खर्च करण्याआधी मोजून बघायचा काही मार्ग?

पाना_सतरा

मोजायचा मार्ग आहे, आणि स्वस्त आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचा उष्णतेचा रंग मिळतो. हिरवा, नारिंगी, लाल, असे तीन. हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कड साफ करून तीन पट्टे मारा, एक सेशन चालवा, गाडी निवल्यावर बघा. हिरवाही टिकला तर डीएस२५०० वर भागेल, फक्त हिरवा गेला तर तो काठावर. नारिंगी गेला तर डीएस१.११. लालही गेला तर पॅड बदलून प्रश्न सुटणार नाही, पुढच्या डिस्ककडे हवा नेणारा पाइप लागेल, नाहीतर लॅप कमी करा. एक लक्षात ठेवा, पॅड जिथे घासतो तिथलं तापमान कडेपेक्षा जास्तच असतं.

बदलण्याचा क्रम:

मागच्या चाकांना हात लावण्याआधी स्कॅनरने हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाका. हे न करता पिस्टन क्लॅम्पने मागे ढकलला तर आतला स्क्रू आणि मोटर दोन्ही जातात, आणि तो खर्च पॅडच्या सेटपेक्षा मोठा असतो. ट्रॅकवर स्कॅनर मिळेल या भरवशावर राहू नका. सोबत नसेल तर मागचे पॅड पुण्यातच बदलून निघा, ट्रॅकवर फक्त पुढचे बदला. मागे डीएस२५०० असेल तर हायवेला काही अडत नाही.

पुढचं काम सोपं: चाक काढा, पिना ठोकून बाहेर, स्प्रिंग काढा, जुना पॅड आत असतानाच त्याच्यावर दाब देऊन पिस्टन हळूहळू मागे ढकला. बोनेट उघडून ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा. वरपर्यंत भरलेली असेल तर ऑइल बाहेर येतं आणि रंग खातं, आधीच थोडं सिरिंजने काढून घ्या. नवे पॅड बसवण्याआधी आकार जुन्या पॅडवर ठेवून बघा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या आकाराचे कॅलिपर येतात. सेन्सर पुढे डाव्या आणि मागे उजव्या चाकाला असतो. ट्रॅकच्या पॅडला त्याची खाच बहुधा नसते; वायर न कापता केबल टायने वर बांधा, डिस्क आणि चाकापासून लांब. सेन्सरचं टोक घासून तुटलं की नवाच घ्यावा लागतो.

चाकाचे बोल्ट १४० न्यूटन मीटरला, टॉर्क पान्यानेच. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. घाईत लोक नेमकं हेच विसरतात, पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल तळाला.

उष्मांक

यात बेडिंगची, म्हणजे नवा पॅड डिस्कवर जमवून घेण्याची, भर घालतो, कारण निम्म्या तक्रारी पॅडच्या नसतात, न जमवलेल्या पॅडच्या असतात. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्यातली राळ वायू सोडते, तो वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकतो आणि गाडी थांबेनाशी होते. ते सरळ रस्त्याच्या शेवटी घडू नये म्हणून पहिलं सेशन बेडिंगला द्या. ८-१० वेळा १०० वरून ४० पर्यंत मध्यम दाबाने, मग ५-६ वेळा १५० वरून ५० पर्यंत जोरात. मध्ये कुठेही पूर्ण थांबायचं नाही. मग दोन लॅप ब्रेक जवळपास न लावता निववायच्या. पॅडच्या खोक्यातल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. हायवेवर हे करू नका, मागचा ट्रकवाला तुमच्या प्रयोगाला तयार नसतो.

जुन्या पॅडचा थर डिस्कवर राहिलेला असतो, दुसरं कंपाउंड त्यावर नीट बसत नाही आणि स्टिअरिंगला थरथर येते. तिला लोक "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा वाकलेली नसते, थर असमान असतो. पॅड बदलताना ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासून, ब्रेक क्लीनरने पुसा.

लालडिस्क

सेशन चालू असताना काय ओळखायचं तेवढं सांगतो. पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ऑइल उकळलंय: वेग कमी करा, पिटला या, त्या दिवशी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्याशिवाय पुन्हा बाहेर पडू नका. पेडल दगडासारखं पण गाडी थांबत नाही तर पॅड मर्यादेपलीकडे गेलाय. दोन लॅप निववल्यावर बहुधा परत येतो. गरम झालेली गाडी उभी करून ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, आणि हँडब्रेक तर अजिबात नाही. गिअर पीमध्ये, चाकाला लाकडी ठोकळा.

पॅड अर्धा झिजला की ट्रॅकसाठी संपला समजा. पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे देतो. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषा दिसतील, त्या चालतात. रेष कडेपर्यंत पोचली किंवा नखाला अडकली तर ती डिस्क त्याच दिवशी बाद.

घाटवळण

ठरलं: पुढे डीएस१.११, मागे डीएस२५००, ऑइल आरबीएफ ६००. मागचे पॅड आणि ऑइल निघण्याआधीच्या आठवड्यात पुण्यात करून घेतो, पुढचे ट्रॅकवर. रंगाचे पट्टेही मारतो. परत येताना पावसाची शक्यता आहे, पुढे डीएस१.११ तसेच ठेवून निघालो तर?

पाना_सतरा

नको. ओल्या थंड डिस्कवर तो पॅड पहिल्या ब्रेकला उशिरा धरतो, आणि ओली झालेली पॅडची भुकटी रिमवर गंजून चिकटते, नंतर खरवडूनही निघत नाही. संध्याकाळी डिस्क हात लावण्याइतकी निवली की पुढचे मूळचे पॅड परत टाका, अर्ध्या तासाचं काम. रिम त्याच रात्री धुवा. काढलेल्या पॅडवर डावा-उजवा, आतला-बाहेरचा असं मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच जागी बसले की बेडिंगला निम्मा वेळ लागतो.