मदत हवी आहे: एकास-एक जिंकतो, टीममध्ये हरतो

फोंड्याचा
पंधरा दिवसांनी पणजीत टूर्नामेंट आहे, लवकर सांगा. आमच्या पोरांत एकास-एक कस्टममध्ये (आपसांतला खासगी सामना) मला कुणी हरवत नाही. टीम मॅचला बसलो की स्कोअरबोर्डवर खालून दुसरा. एम (नेम) तोच, माउस तोच, सेन्सिटिव्हिटी तीच. रोज अजून एक तास एकास-एक वाढवू का?

तिसवाडी
गेम कुठला? रोल कुठला? टीम पाचही ओळखीची की अनोळखी?

चिखली_टीडीएम
मोबाइलवर बीजीएमआयच्या वेअरहाउसमध्ये रोज टीडीएमचे (टीम डेथमॅच) चार सामने खेळ, ४० किलवाले. जायरो (फोन हलवून नेम धरणं) ‘ऑलवेज ऑन’ ठेव, नुसत्या स्कोपला नको. अंगठ्याने ओढायचं आणि मनगटाने बारीक सावरायचं. पंधरा दिवसांत स्प्रे सरळ होईल.

फोंड्याचा
माउस लिहिलंय वर, मोबाइल नाही. व्हॅलोरंट, पीसीवरचा पाच-पाचचा बंदुकीचा गेम. रेना हे पात्र खेळतो. आम्ही चौघं आहोत, पाचवा शनिवार-रविवारीच येतो.

तिसवाडी
मग कॉम्पिटिटिव्ह (रँकवाले सामने) खेळतच नसणार तुम्ही. चौघांच्या पार्टीला ती रांग मिळत नाही. एक, दोन, तीन किंवा पूर्ण पाच. म्हणजे ‘टीम मॅच’ म्हणतोस ती अनरेटेड (बिनरँकची), पाचवा अनोळखी, बहुतेक माइक बंद. बरोबर?

फोंड्याचा
हो.

साखळी_स्मोक
एकास-एक आजपासून बंद कर. कस्टममध्ये एक किल झाला की राउंड संपतो. तुझ्या हाताला ‘किलनंतर काय’ हे माहीतच नाही. पाच-पाचमध्ये खरा राउंड तिथून सुरू होतो. एकाला मारलंस, त्याच कोपऱ्यात उभा राहिलास, सहाच गोळ्या गेल्या तरी रिलोड दाबलंस. व्हँडल रायफलच्या मॅगझिनमध्ये २५ गोळ्या असतात, १९ शिल्लक आहेत, आणि रिलोडला अडीच सेकंद जातात. मेलेल्याच्या मागे दोन पावलांवर त्याचा जोडीदार असतो आणि तू कुठे आहेस हे त्याला आता पक्कं ठाऊक असतं. तो एका सेकंदात येतो.

ड्युएल_जुना
‘बंद कर’ हे मान्य नाही. एकास-एक म्हणजे नुसता एम, हा समज चुकीचा आहे. क्वेक लाइव्ह या जुन्या गेमच्या ड्युएलमध्ये (एकास-एक सामना) उचललेला मेगा हेल्थ ३५ सेकंदांनी परत येतो, रेड आर्मर २५ सेकंदांनी. समोरच्याने केव्हा उचललं ते मनात मोजत खेळावं लागतं. वेळ, आवाज, नकाशावरचा ताबा, सगळं तिथेच शिकायला मिळतं. दोष ड्युएलचा नाही. याच्या कस्टममध्ये मोजण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

साखळी_स्मोक
क्वेकचं खरं आहे, पण त्याला क्वेक खेळायचा नाही. व्हँडलचा हेडशॉट कितीही लांबून १६०, आणि १०० हेल्थ अधिक ५० शील्ड मिळून १५०. पहिली गोळी डोक्यात बसली त्याचा राउंड. यात मोजण्यासारखं काय उरलं?

ड्युएल_जुना
डोकावण्याची वेळ. कोपऱ्याला चिकटून डोकावतो की दोन हात मागून, हे एकास-एकमध्येच सुधारतं. दिवसाला वीस मिनिटं राहू दे. तास नको.

नेट_बिचोली
पिंग (नेटला लागणारा उशीर) कुणीच विचारलं नाही. पावसात वायफायवर खेळत असशील तर आधी ते बघ. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, मग स्टॅट्स, तिथे पॅकेट लॉस चालू कर. केबलने जोड. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून लहान यूपीएस घे. पण घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाच. यूपीएसचा व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो. नुसता राउटर चालू ठेवून नेट येत नाही.

फोंड्याचा
पिंग ठीक आहे. टूर्नामेंट लॅनवर आहे, सगळे एकाच जागी केबलने जोडलेले.

नेट_बिचोली
हे आधी लिहायला हवं होतंस. तरी पावसाळा आहे, यूपीएस घेच.

तिसवाडी
रेनावर या. तिचं डिव्हावर (हेल्थ भरणं) आणि डिसमिस (निसटणं) किल किंवा असिस्ट मिळून मेलेल्याचा गोळा उरला तरच चालतं, आणि तो गोळाही तीन सेकंदच टिकतो. पहिला ड्युएल हरलास तर टीमला तुझ्याकडून समोरच्यांची नजर रोखणाऱ्या एका डोळ्याशिवाय काही मिळत नाही. मेल्यावर काय सांगतोस?

फोंड्याचा
‘मेनमध्ये आहे’ असं.

तिसवाडी
अपुरं आहे. कोण, कुठे, किती लागलं. ‘जेट, बी मेन, ८४’. कॉम्बॅट रिपोर्टमध्ये आकडा दिसतो. एवढं बोलून गप्प बसायचं, कारण जिवंत असलेल्याला पावलं ऐकू यायला हवीत.
गेममधल्या पैशांचं कोण बघतं?

फोंड्याचा
ज्याला जे परवडतं ते घेतो.

साखळी_स्मोक
इथेच तीन राउंड जातात. पिस्तूल राउंड हरलात, १९०० आले. दुसऱ्यात तू १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतलीस, उरले ३००. तोही हरलात की २४०० येतात, हातात २७००. व्हँडलच २९०० ची, शील्ड दूरच. दुसऱ्या राउंडला पाचही जणांनी हात आवरला तर १९०० आणि २४०० मिळून ४३००. व्हँडल, मोठं शील्ड, वर ४००. एकट्याने घेतलेली बंदूक अख्ख्या टीमचा तिसरा राउंड बुडवते. एकास-एकमध्ये ही सवय लागणारच नाही.

ड्युएल_जुना
पैशांचं पूर्ण मान्य.

तिसवाडी
मध्ये चवथ (गणेश चतुर्थी) आहे. पाच दिवस कुणी मशीनवर बसणार नाही, म्हणजे हातात दहा दिवस. चौघं आहात तर दोन-दोन करा. कस्टम, असेन्ट नकाशा, चीट्स चालू म्हणजे पैशांची वाट बघायला नको. बी साइटवर स्पाइक (बॉम्ब) मेनमधून, म्हणजे तिकडे येणाऱ्या मुख्य वाटेवरून, दिसेल असा लावायचा. लावायला ४ सेकंद, फुटायला ४५. लावून झालं की दोघांनी मेनकडे मागे सरकायचं आणि डोकवायचं नाही. तुझ्यासारखा ड्युएलवाला इथेच सगळ्यात जास्त चुकतो. वेळ तुमच्या बाजूने चालू असते आणि तो उगाच मार्केटकडे किल शोधत जातो. दोघांविरुद्ध दोघांचा सामना होता, त्याचे दोन एकास-एक करून देतो.
डिफ्यूजचा (स्पाइक निकामी करण्याचा) आवाज आला की मोजा. पूर्ण डिफ्यूज ७ सेकंद, पण साडेतीनला अर्धं जमा होतं. पहिला टॅप ऐकून दोघं एकदम बाहेर आलात तर तो बटण सोडून गोळी घालतो. मोजून अडीच-तीनला एकाने डोकवायचं, दुसऱ्याने वेगळ्या कोनातून लगेच. दोघांत दोन-तीन पावलांचं अंतर ठेवा. चिकटून गेलात तर एकाच स्प्रेत दोघं जातात, आणि फार मागे राहिलात तर ट्रेड (जोडीदाराला मारणाऱ्याला लगेच मारणं) मिळत नाही.
एक नियम घरचा: किल मिळाला की त्या जागेवरून पुढची गोळी मारायची नाही. सरका, मग बघा.

ड्युएल_जुना
हा नियम एकास-एकच्या वीस मिनिटांतही पाळ. मारल्यावर जागा बदलल्याशिवाय रिलोड नाही, राउंड संपला तरी.

फोंड्याचा
आज साडेनऊला बसतो. रेना सोडायची तर फिनिक्स की रेझ?

साखळी_स्मोक
फिनिक्स. फ्लॅश टाकायच्या आधी टाकतोय म्हणून सांगायचं आणि मागच्याला सोबत न्यायचं. रेझच्या सॅचेलचा (स्फोटाने उडी मारायची पिशवी) हात दहा दिवसांत बसत नाही.