ऑटोकॅडची सवय, फ्रीकॅडचं स्केच: माप टाकलं तरी रेघ सरकते

प्रश्न

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये ड्रॉइंग करतो. ११ वर्षं ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. @१२०,० टाकून १२० ची आडवी रेघ, एफ ८ ने ऑर्थो (रेघा सरळ आडव्या-उभ्याच), मग ऑफसेट, ट्रिम, की झालं. आता व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) कामाला थ्रीडी लागतं म्हणून फ्रीकॅड १.० हे थ्रीडी सॉफ्टवेअर घेतलं. १२० बाय ८० ची प्लेट, मधोमध २५ चं बोअर (गोल भोक), एवढंच काढायचं होतं. एकेक रेघ काढली, मापं दिली. कोपरा माउसने ओढला तर सगळा चौकोन सरकला. पॅड केलं, म्हणजे स्केचला जाडी द्यायला गेलो, तर म्हणे वायर (बाहेरची रेघ) बंद नाही. झूम करून बघितलं, एका कोपऱ्यात फट. अचूक काढायचं तरी कसं इथं?

उत्तर १

दादा, मीही ऑटोकॅडवरूनच आलो, पहिले दोन महिने असाच अडलो होतो. ऑटोकॅडमध्ये रेघ जिथे ठेवाल तिथेच राहते. इथे आधी आकार अंदाजे काढायचा, मग नाती सांगायची. टोक टोकाला नुसतं टेकून चालत नाही. दोन्ही टोकं निवडून सी दाबा, म्हणजे कॉइन्सिडंट (दोन टोकं एकाच बिंदूवर) हे नातं लागेल आणि फट जाईल.

आता मोजून बघा. एका रेघेला दोन टोकं, प्रत्येकाला आडवं नि उभं हलायची मोकळीक, म्हणजे ४. चार रेघांच्या १६. चार कोपरे जुळवले की ८ जातात. दोन रेघा आडव्या, दोन उभ्या केल्या की आणखी ४ जातात. १२० आणि ८० ही मापं दिली की उरतात फक्त २. तुमचा चौकोन सरकतो तो या दोघींमुळे: तो नेमका कुठे बसतो हे तुम्ही सांगितलेलंच नाही. समोरासमोरचे दोन कोपरे ओरिजिनभोवती (स्केचच्या शून्य बिंदूभोवती) सिमेट्रिक करा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. बोअरचं केंद्र ओरिजिनवर, व्यास २५. सगळं हिरवं होईल, म्हणजे हलायची मोकळीक उरली नाही. शिवाय व्हीएमसीवर जी ५४ (मशीनवरचा कामाचा शून्य) प्लेटच्या मध्यावर घेत असाल, तर तोच शून्य इथेही मिळतो.

उत्तर २

हिरवं करायच्या घाईत ब्लॉक किंवा लॉक (रेघ वा बिंदू आहे तिथेच जखडणारी नाती) मारत सुटू नका, ही कळकळीची विनंती. उद्या गिऱ्हाइकाने माप बदललं की स्केच जागचं हलणार नाही. फट डोळ्यांना दिसत नसेल तर व्हॅलिडेट स्केच चालवा, सुटलेले कॉइन्सिडंट ते शोधून देतं. फिलेटही (कोपऱ्याची गोलाई) स्केचमध्ये नको, पॅड झाल्यावर द्या.

प्रश्नकर्ता

झालं! १२० चं १३० करून बघितलं. प्लेट दोन्ही अंगांनी पाच-पाच वाढली, बोअर मधोमधच. ऑटोकॅडमध्ये यासाठी स्ट्रेच मारून बोअर परत मध्यावर आणावं लागायचं. आता पीसीडी ६० वर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास ६०) ६.५ ची सहा भोकं हवीत. सहाही स्केचमध्ये काढू?

उत्तर १

एकच काढा. ६० व्यासाचं कन्स्ट्रक्शन (नुसतं मदतीचं) वर्तुळ, त्यावर भोकाचं केंद्र, ते उभ्या अक्षावर बांधा. पॉकेट करा (भोक आरपार कापा) आणि पोलर पॅटर्नने तेच गोलाकार फिरवून ३६० अंशांत ६.